घाणेरी-निर्मूलन शिबिर: स्वयंसेवकांसाठी एक परीक्षण

संरक्षित जंगलातील आक्रमक झुडपे काढण्यासाठी स्वयंसेवकांना बोलावणाऱ्या शिबिरांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुतेक राहण्याची सोय, वेळापत्रक आणि दिसलेले पक्षी यांच्याभोवतीच फिरतात. केलेल्या कामाचा जंगलाला काही उपयोग झाला का, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला जातो. मी ज्या निवासी शिबिरात काम केले त्याचे परीक्षण मला याच प्रश्नाच्या अंगाने करायचे आहे. संयोजक संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांचे धनी केवळ तेच असतील असे मला वाटत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: शिबिर चांगले आहे, आणि त्याचे मुख्य कारण असे की तेथे नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी एकही मोठे झुडूप तोडू दिले जात नाही.

पहिला दिवस जातो तो आधीच्या हंगामात साफ केलेल्या तुकड्यावर, तेथे नव्याने उगवलेली बोटभर उंचीची रोपे उपटण्यात. हौसेने कोयता चालवायला आलेल्या माणसाला हे काम अगदी कंटाळवाणे वाटते, आणि आमच्या गटातील काहींनी ते बोलूनही दाखवले. पण घाणेरीचा स्वभाव लक्षात घेतला तर खरे काम हेच आहे. तिची काळीजांभळी फळे पक्षी आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. जमिनीत पडून राहिलेल्या बिया वरची सावली हटताच रुजू लागतात. आणि वरच्यावर छाटलेला बुंधा एका खोडाऐवजी अनेक फुटव्यांनी वर येतो. म्हणजे एकदा तोडून सोडून दिलेला तुकडा काही काळाने पूर्वीपेक्षा दाट झालेला दिसला तर त्यात नवल नाही. आग लावूनही हेच होते, कारण जळालेल्या जमिनीवर देशी रोपांच्या आधी घाणेरीच फुटते. त्यामुळे कोणत्याही शिबिराची पारख करायची असेल तर संयोजकांना नवीन काम कोठे चालले आहे हे विचारण्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी साफ केलेला तुकडा दाखवायला सांगावे. येथे तो न विचारता दाखवला गेला. त्यात गवत आलेले होते, काही ठिकाणी देशी झाडांची गुडघाभर रोपे होती, आणि मध्येमध्ये घाणेरीही होती. ती का राहिली हे आमच्या मार्गदर्शकाने आढेवेढे न घेता सांगितले: मधल्या एका हंगामात पुरेशी माणसे मिळाली नव्हती.

घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. शोभेचे झुडूप म्हणून ती युरोपातील बागांत गेली, तेथे तिचे अनेक संकर तयार झाले, आणि वसाहतींच्या काळात वनस्पति-उद्यानांच्या वाटेने ती उष्ण प्रदेशांत सर्वदूर पोहोचली. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत तिचे नाव आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकट्या भारताच्या जंगलांत तिने सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले असल्याचा अंदाज मांडला गेला. असे आकडे समोर ठेवले की मूठभर माणसांनी हातांनी झुडपे उपटण्याला अर्थ काय, ही शंका येणारच, आणि परिचय-सत्रात ती कोणीतरी विचारलीही. त्यावर मिळालेले उत्तर मला पटण्यासारखे होते. संपूर्ण जंगल मोकळे करण्याचा दावा संयोजक करत नाहीत. पाणवठ्याची वाट, गवताळ पट्टा, देशी झाडांची रोपे अजून तग धरून असलेली जागा असे मोजके तुकडे निवडून तेवढेच राखायचे, अशी त्यांची भूमिका आहे. ती नम्र आहे आणि म्हणूनच अमलात येऊ शकते.

एका सहभागी गृहस्थांनी कीटकांचा उपाय सुचवला. त्यांच्या मनात ऑस्ट्रेलियातील निवडुंगाचे उदाहरण होते: १९२५ साली तेथे एका पतंगाच्या अळ्या आणल्या गेल्या, पुढच्या वर्षापासून त्या मोकळ्या सोडल्या गेल्या, आणि काही वर्षांतच लक्षावधी हेक्टरांवरील निवडुंग कोसळला. घाणेरीवर मात्र हा प्रयोग त्याहूनही जुना आहे. हवाई बेटांवर १९०२ सालीच मेक्सिकोतून कीटक आणले गेले होते, त्यानंतर अनेक देशांत अनेक जाती सोडल्या गेल्या, पण निवडुंगासारखे निर्णायक यश कोठेही आले नाही. घाणेरीचे इतके संकर आणि वाण आहेत की एका वाणावर जगणारा कीटक दुसऱ्याला तोंड लावीलच असे नाही. ही चर्चा वेळापत्रकात नव्हती, तरी मार्गदर्शकांनी ती तोडली नाही, याची नोंद घ्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी मोठी झुडपे काढण्याचे प्रशिक्षण असते आणि शिबिरातील सर्वांत चांगला भाग तोच आहे. घाणेरीचे खोड जमिनीला मिळते त्याच्या जरासे खाली एक गाठाळ भाग असतो, आणि नवे फुटवे येतात ते तेथूनच. त्यामुळे जमिनीलगत कितीही स्वच्छ कापले तरी झुडूप मरत नाही. आधी फांद्या थोड्या आवरून घ्यायच्या, मग कुदळीच्या टोकाने बुंध्याभोवतीची माती हलकेच बाजूला सारायची. गाठाळ भाग उघडा पडला की त्याखाली मुख्य मूळ बारीक होत गेलेले दिसते. तेथे, म्हणजे जमिनीच्या पातळीखाली साधारण तीन ते पाच सेंटीमीटरांवर, कुदळीचा तिरका घाव घालायचा. घाव योग्य जागी बसला तर मोठे झुडूपही फारशी झटापट न करता सुटते. वर बसला तर गाठीचा तुकडा मातीत राहतो आणि पुन्हा उकरावे लागते. सुटलेले झुडूप नंतर उलटे ठेवायचे, मुळे वर आणि फांद्या खाली, म्हणजे मुळांना माती लागत नाही आणि ते उन्हात वाळून जाते. ही पद्धत प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली आणि २००९ साली शोधनिबंधाद्वारे मांडली. तिचा दुसरा भाग शिबिरांत बहुधा गाळला जातो, तो येथे पाळला जातो: पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खालची जमीन वरचेवर तपासायची, कारण विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे सर्वांत आधी तेथेच उगवतात. आमच्या तुकड्यावरही एका मोठ्या झाडाखाली जेवढी रोपे निघाली तेवढी उरलेल्या उघड्या जागेतून निघाली नसतील.

ओळख पटवण्याचे सत्र यापेक्षा कच्चे होते. समोरासमोर पाने आणि दातेरी कडा एवढ्या खुणांवर घाणेरीचे छोटे रोप ओळखणे धोक्याचे आहे, कारण याच खुणा अनेक देशी झुडपांनाही असतात. खोडाचे चौकोनीपण बोटांनी चाचपून पाहणे, पानाचा खरखरीतपणा आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या तरच रोप उपटावे, हा नियम मार्गदर्शकांनी सांगितला खरा, पण तो पाळला जातो की नाही हे पाहायला पुरेशी माणसे नव्हती. एका मार्गदर्शकामागे इतके स्वयंसेवक होते की टोकाला बसलेल्यांनी काय उपटले हे ढीग लावल्यावरच कळत होते, आणि त्या ढिगात देशी रोपे सापडली. शंका असलेल्या रोपाला रंगीत फीत बांधून पुढे जायचे, असा साधा रिवाज ठेवला तरी हे नुकसान बरेच टळेल. गट लहान ठेवणे हा खरा उपाय आहे, आणि पुढील हंगामात संयोजकांनी त्याचा विचार करावा.

हत्यारे बहुतेक चांगली होती. कुदळींना धार होती आणि दांडे घट्ट बसवलेले होते, ही गोष्ट किरकोळ वाटली तरी दिवसभर काम केलेल्या माणसाला तिचे मोल कळते. लांब दांड्यांची छाटणीची कात्री आणि घडीची करवत प्रत्येक जोडीला मिळाली. तरफेच्या तत्त्वावर चालणारे उपटणीचे अवजारही होते. जबड्यात खोड पकडायचे, दांडा मागे ओढायचा, की मूळ सरळ वर येते. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या एकखोडी झुडपांना ते उत्तम चालते; घाणेरीच्या अनेक खोडांच्या जाळीत मात्र त्याचा जबडा शिरतच नाही, आणि दगडाळ जमिनीत त्याच्या पायाला नीट टेकू मिळत नाही. शिवाय ते मुळाबरोबर बरीच माती वर आणते, आणि उकरलेली माती म्हणजे पुढच्या तणाला आमंत्रण. हातमोजे कापडी होते, आणि ही चूक अक्षम्य म्हणावी लागेल, कारण घाणेरीच्या खोडावरचे वाकडे काटे कापडातून सहज आत जातात. कोपरापर्यंत येणारे चामडी हातमोजे स्वतःचे घेऊन जावेत.

इंजिनवर चालणारी एकही करवत का नाही, असा प्रश्न काहींना पडला. त्याचे उत्तर जागेच्या दर्जात आहे. माणसाचा हस्तक्षेप कमीत कमी राहावा म्हणून राखलेल्या क्षेत्रांत यंत्रांवर बहुधा बंधने असतात. अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने तर अशा क्षेत्रांत मोटारवाहने आणि मोटारीवर चालणारी अवजारे काही अपवाद सोडता वर्ज्यच केली आहेत, आणि त्यामुळे तेथे आजही दोघांनी ओढायच्या लांब करवती वापरात आहेत. जेथे यंत्र नेता येत नाही तेथे हातांची गरज लागते, आणि पगारी हात पुरेसे नसतात. दक्षिण आफ्रिकेने १९९५ साली पाणी पिणारी परदेशी झाडे हटवण्याचा कार्यक्रम सरकारी रोजगार म्हणून सुरू केला आणि त्यातून हजारोंना काम दिले. दीर्घकाळ चालणाऱ्या कामाला तोच मार्ग अधिक भरवशाचा आहे असे माझे मत आहे. स्वयंसेवक पुरवणी म्हणून ठीक आहेत. सगळा भार त्यांच्यावर टाकणाऱ्या योजना हंगाम बदलला की ओस पडतात.

किती वेगाने साफ करावे, याबाबत संयोजकांचे धोरण सावध आहे आणि ते योग्य आहे. सिडनीतील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात आपल्या परिसरातील रानात काम करताना काही तत्त्वे घालून दिली होती: चांगल्या जागेपासून सुरुवात करून बिघडलेल्या जागेकडे सरकायचे, माती कमीत कमी हलवायची, आणि देशी वनस्पती ज्या गतीने परत येतात त्याहून अधिक गतीने तण काढायचे नाही. हे तिसरे तत्त्व पाळणे सर्वांत अवघड, कारण सहभागी माणसाला संध्याकाळी मोकळे मैदान पाहायचे असते. घाणेरीच्या जाळीत पक्षी घरटी करतात, लहानमोठे प्राणी आडोसा घेतात, फुलांवर फुलपाखरे येतात. ही सगळी व्यवस्था एका दिवसात उचलून नेली तर त्यांना जायला जागा नसते. म्हणून येथे पट्ट्यापट्ट्यांनी काम होते आणि मधले पट्टे पुढच्या हंगामासाठी राखले जातात. प्रत्येक जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने फांद्या हलवून घरटे, गांधीलमाश्यांचे पोळे किंवा साप आहे का हे पाहण्याचा नियम कडक आहे. ज्या जाळीत घरटे निघाले ती आम्ही तशीच सोडली आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

बियांच्या बाबतीत शिबिर अर्धेच सजग आहे. परतताना बुटांचे तळ, विजारीच्या दुमडी आणि पिशव्यांच्या शिवणी घासून घेण्याची सक्ती होती, पण आत शिरताना तशी काहीच तपासणी झाली नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अंटार्क्टिकाविषयीच्या एका अभ्यासात, ज्या प्रवाशांच्या कपड्यांत व सामानात बिया सापडल्या त्यांच्याकडे त्या दरडोई सरासरी साडेनऊ होत्या. बर्फाळ खंडाच्या वाटेवर ही अवस्था, तर ठिकठिकाणच्या रानावनांतून आलेल्या आमच्यासारख्यांच्या बुटांविषयी काय सांगावे! रानमोडीसारख्या वनस्पतीची तंतूंचा झुपका असलेली हलकी बी तर वाऱ्यावरही जाते आणि लोकरी मोज्यावरही. वेशीवर एक ताठ ब्रश आणि पाण्याची बादली ठेवायला फार खटाटोप लागत नाही.

काढलेल्या झुडपांची विल्हेवाट मात्र व्यवस्थित होती. फळे धरलेल्या फांद्या वेगळ्या पोत्यांत भरून बाहेर नेल्या गेल्या, बाकीचे साहित्य जागेवरच उलटे करून वाळत घातले. जाड काठ्यांचे काही करता येईल का, असे विचारल्यावर कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरांचे उदाहरण सांगितले गेले. तेथील सोलिगा या आदिवासी समाजातील कारागीर घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या-टेबले बनवतात. या उपयोगामुळे घाणेरी संपणार नाही, पण ज्यांच्या जंगलात ती वाढते त्यांच्या हाती दोन पैसे येतात, आणि तो मुद्दा दुय्यम नाही.

आता दोन तक्रारी, ज्या मी संयोजकांना लेखी कळवल्या आहेत. पहिली तणनाशकाची. एका जुन्या तुकड्यावर कापलेल्या बुंध्यांना रसायन लावल्याच्या खुणा होत्या, आणि विचारल्यावर तसे लावल्याचे मान्य केले गेले. कापल्या कापल्या बुंध्यावर नेमकेपणाने औषध लावणे ही अनेक देशांत प्रचलित आणि फवारणीपेक्षा पुष्कळ संयत अशी पद्धत आहे. माझा आक्षेप पद्धतीला नाही. उघड्या हातांनी त्याच मातीत रोपे उपटणाऱ्या माणसाला ते कोणते रसायन आहे आणि कधी लावले आहे हे आधी न सांगणे गैर आहे. दुसरी तक्रार समारोपाची. शेवटच्या सायंकाळी किती वजनाची झुडपे काढली गेली याचा आकडा टाळ्यांच्या गजरात जाहीर झाला. पहिल्या दिवशी उपटलेल्या रोपांचे वजन त्या आकड्यात जवळजवळ शून्य होते. ज्या संस्थेने नव्या माणसाला आधी देखभालीचे काम देण्याइतका विचार केला आहे, तिने समारोपाला वजनकाटा पुढे करावा हे मला विसंगत वाटले. वजनाऐवजी किती चौरस मीटर जागा सलग किती हंगाम तणमुक्त राहिली, हे सांगता येईल. तो आकडा छोटा असेल आणि टाळ्या कमी पडतील, पण दरवर्षी तो वाढतो आहे की नाही हे पाहण्यासाठी लोक परत येतील.

शारीरिक कष्टांविषयी माहितीपत्रकात लिहिलेले खरे आहे: वाकून आणि बसून करायचे काम आहे, पाठीचे दुखणे असलेल्यांनी फेरविचार करावा. गाजर गवतही असलेल्या तुकड्यावर काम असेल तर त्वचेची किंवा श्वासाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तेथे जाऊच नये. मुलांना नेता येते. रोपे ओळखण्यात ती मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात असे दिसले.

जाणार असाल तर पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवसांतील गट घ्यावा, कारण ओल असलेल्या मातीतून रोप मुळासकट येते आणि सुकलेल्या जमिनीत ते मध्येच तुटते. नोंदणीच्या वेळी ‘सफाई’ आणि ‘देखभाल’ असे दोन पर्याय दिले जातात. पहिल्या शिबिरानंतर दुसऱ्यांदा नाव घालणाऱ्याने देखभालीचा पर्याय निवडावा आणि शक्य असल्यास आपण आधी काम केलेल्या तुकड्याचा क्रमांक अर्जात लिहावा, म्हणजे तीच जागा पुन्हा मिळते. सफाईच्या जागा नोंदणी उघडताच भरतात. देखभालीच्या गटात अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत जागा शिल्लक असते.